घरगुती चित्रफितीतील मुंबई : एका स्मरणरंजनाचा अभ्यास

(बी. ए. भाग २)

प्रास्ताविक

मुंबई शहरावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. कथा, कादंबरी, कविता, नाटक, चित्रपट या सर्वांत मुंबई आहे. माझ्यासारख्या घुग्घुसच्या मुलीने, जिने मुंबई आयुष्यात एकदाच आणि तीही चार दिवस पाहिली, या विषयाला हात घालावा हे काहींना धाडसाचे वाटेल. पण ज्या मुंबईबद्दल मी लिहिणार आहे ती आता मुंबईत राहणाऱ्यांनाही पाहता येत नाही. ती एका व्हिडिओ कॅसेटमध्ये आहे.

गेल्या दिवाळीत माझी आत्या व आतेभाऊ आमच्याकडे आले होते. आतेभावाने एक पेन ड्राइव्ह आणला होता. त्यांच्या ना. म. जोशी मार्गावरील बीडीडी चाळीतल्या घरी झालेल्या एका बारशाची जुनी कॅसेट त्याने नवीन पद्धतीने उतरवून घेतली होती. एकूण बेचाळीस मिनिटांची फीत. जेवणे झाल्यावर आम्ही सर्वजण ती टीव्हीवर पाहत बसलो. सातव्या-आठव्या मिनिटाला चाळीच्या बोळकांडीत एक धोतर नेसलेला, काळासावळा माणूस दिसला. हातात पिशवी, डोक्यावर टोपी. त्याने कॅमेऱ्याकडे रोखून पाहिले आणि विचारले, "एवढे मानसं रात्री झोपते कुठी गा?"

सगळे हसले. माझे बाबा हसले नाहीत. ते म्हणाले, "मागे घे."

ते माझे आबाजी होते. आबाजी २००१ साली वारले. माझा जन्म त्यानंतर पाच वर्षांनी झाला. आमच्या घरी त्यांचा एकच फोटो आहे, तोही ओळखपत्रावरून मोठा केलेला. त्यांचा आवाज मी त्या रात्री प्रथम ऐकला. घुग्घुसच्या भूमिगत खाणीत ज्यांनी आयुष्यभर कोळसा भरला त्या माणसाचे चालते-बोलते चित्र घुग्घुसमध्ये कोठेही नाही. ते नऊशे किलोमीटर दूर असलेल्या एका चाळीच्या बोळकांडीत, दुसऱ्याच्या घरच्या समारंभात, अकरा सेकंदांपुरते आहे. या एका गोष्टीने मला विचार करायला लावले. प्रस्तुत लेख हा त्या विचाराचा परिणाम आहे.

स्मरणरंजन म्हणजे काय?

गेलेल्या काळाविषयी वाटणाऱ्या गोड हुरहुरीला मराठीत 'स्मरणरंजन' हा चांगला शब्द आहे. त्यात 'रंजन' आहे, म्हणजे रंगवणेही आहे आणि मन रमवणेही आहे. इंग्रजीतील 'नॉस्टॅल्जिया' या शब्दाची जन्मकथा वेगळी आहे. १६८८ साली बासेल येथील योहानेस होफर या विद्यार्थ्याने वैद्यकशास्त्राच्या प्रबंधात हा शब्द तयार केला. 'नोस्तोस' म्हणजे घरी परतणे आणि 'आल्गोस' म्हणजे वेदना. परमुलखात गेलेल्या स्विस माणसांना घरच्या ओढीने जो आजार जडे त्याचे हे नाव होते. होफर त्या वेळी एकोणीस वर्षांचा होता, म्हणजे माझ्याच वयाचा, हे वाचून मला बरे वाटले.

होफरचा रोगी बरा होऊ शकत असे. त्याला घरी पाठवले की झाले. पुढे या शब्दाचा अर्थ पालटला. ओढ स्थळाची होती, ती काळाची झाली. स्थळी परतता येते, काळात परतता येत नाही. आतेभाऊ आजही मुंबईतच राहतो. तरीही ही फीत पाहताना "आमची मुंबई गेली" असे तो म्हणतो, ते याच अर्थाने.

दुसरी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. वस्तू नाहीशी झाल्यावरच तिच्याविषयी हुरहुर सुरू होते असे नाही. पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ' १९५८ साली पुस्तकरूपाने आली. तेव्हा गिरगाव, परळ, लालबाग येथील चाळी माणसांनी गजबजलेल्या होत्या. तरीही त्या पुस्तकाच्या शेवटी चाळीविषयी जी हळहळ आहे ती चाळ जाणार हे उमगलेल्या माणसाची आहे. तात्पर्य, स्मरणरंजन कधी कधी वस्तूच्या आधीच येऊन बसते.

नित्य जीवन आणि कॅमेरा

चलच्चित्राचा जन्म झाला तोच मुळी नित्य जीवनाच्या चित्रणाने. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी जो पहिला तिकीट लावलेला खेळ केला त्यात कारखान्यातून सुटणारे कामगार होते आणि एका तान्ह्या मुलीला भरवणारे आईबापही होते. ते बाळ ऑग्युस्त ल्युमिएर यांचे स्वतःचे. म्हणजे जगातील पहिल्या चित्रपटांतच एक घरगुती चित्रफीत होती असे म्हणावयास हरकत नाही. सहा महिन्यांनंतर, ७ जुलै १८९६ रोजी, ल्युमिएर यांचा खेळ मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला. तिकीट एक रुपया होते. त्या काळच्या गिरणी कामगाराला ते परवडणारे नव्हते.

पुढे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा या मराठी छायाचित्रकाराने कॅमेरा मागवून १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये झालेल्या कुस्तीचे चित्रण केले. १९०१ मध्ये रँग्लर र. पु. परांजपे विलायतेहून परतले त्या स्वागताचेही त्यांनी चित्रण केले. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढण्यापूर्वी, १९१२ साली, कुंडीतल्या वाटाण्याचा वेल कसा वाढतो हे चित्रित केले होते. घरातली कुंडी, घरातला वेल. आपल्या चित्रपटाचा हा उगमही किती साधा आणि घरगुती आहे!

तथापि सामान्य कुटुंबाच्या हाती कॅमेरा यायला फार वेळ लागला. कोडॅक कंपनीने १९२३ साली हौशी लोकांसाठी १६ मिलिमीटरची, १९३२ साली ८ मिलिमीटरची आणि १९६५ साली 'सुपर एट' ही फिल्म बाजारात आणली. सुपर एटचे एक रीळ पन्नास फुटांचे असे आणि नेहमीच्या गतीने ते साधारण साडेतीन मिनिटांच्या आत संपे. ते धुवून घ्यावे लागे. सुरुवातीला त्यात आवाजही नव्हता. अशी महागडी तीन मिनिटे कोण वाया घालवील? म्हणून त्या फिल्मवर लग्न, सहल, वाढदिवस एवढेच येई, आणि तेही सधन कुटुंबातले.

खरा फरक चुंबकीय फितीने पडला. जपानमध्ये १९७६ साली व्हीएचएस पद्धतीची कॅसेट निघाली. भारतात १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरदर्शन आले आणि पाठोपाठ व्हिडिओची लाट आली. आखाती देशांत नोकरीला गेलेले लोक परतताना व्हीसीआर आणीत. काही जण कॅमेराही आणीत. कॅसेट तीन तास चाले, धुवायची गरज नव्हती आणि आवाज आपोआप टिपला जाई. या तिन्ही गोष्टींचा परिणाम एकच झाला : कॅमेरा धरणारा माणूस निष्काळजी झाला. तो समारंभ संपल्यावरही यंत्र चालूच ठेवू लागला, बोळकांडीतून फिरू लागला, खिडकीतून खाली पाहू लागला. आज आपल्याला जी मुंबई पाहायची असते ती या निष्काळजीपणातच सापडते.

येथे चित्रपटांशी तुलना करता येईल. 'मुंबईचा जावई' (१९७०) आणि त्यावरून निघालेला 'पिया का घर' (१९७२) यांत चाळीतली जागेची अडचण आहे. 'छोटी सी बात' (१९७६) मध्ये बसथांबे आणि कचेऱ्या आहेत. सई परांजपे यांच्या 'कथा' (१९८३) मध्ये चाळच आहे. आनंद पटवर्धन यांच्या 'हमारा शहर' (१९८५) या माहितीपटात झोपडपट्टीवासीयांची घरे पाडली जाताना दिसतात. ही सर्व चित्रणे मोलाची आहेत, पण त्यांत काय दाखवायचे हे कोणी तरी ठरवले आहे. घरगुती फितीत मुख्य विषय बारसे असतो आणि शहर चुकून येते. चुकून आलेली साक्ष अधिक खरी असते, असे इतिहासाच्या तासाला आम्हांला शिकवले जाते.

फितीची तारीख आणि फितीतील मजकूर

कोणतेही साधन वापरण्यापूर्वी ते तपासून घ्यावे लागते. या फितीच्या कोपऱ्यात सतत '१ जानेवारी १९८८' ही तारीख दिसते. आत्या म्हणाली, "अठ्ठ्याऐंशी नाही, ती मुलगी नंतरची." मग आम्ही चित्र थांबवून थांबवून पाहिले. पाळण्यामागे भिंतीवर कालनिर्णय लटकलेले आहे आणि त्यावर फेब्रुवारी १९९१ स्पष्ट वाचता येतो. कॅमेऱ्यातले घड्याळ कोणी लावलेच नव्हते, ते मूळच्या तारखेवर राहिले. यंत्राने छापलेली तारीख खोटी आणि भिंतीवरचा कागद खरा, हा मला या अभ्यासात मिळालेला पहिला धडा.

बेचाळीस मिनिटांची मी घड्याळ लावून विभागणी केली. दादर स्टेशनवरून पाहुण्यांना आणणे सात मिनिटे. चाळीची बोळकांडी व तेथली मुले सहा मिनिटे. प्रत्यक्ष बारसे, पाहुणे व जेवण पंचवीस मिनिटे. गच्ची चार मिनिटे.

दादरच्या सात मिनिटांत वर्ध्याहून आलेल्या गाडीतून उतरलेले आबाजी आणि तेरा वर्षांचे माझे बाबा आहेत, पण गर्दीत पाठमोरे. समोरून लाल दुमजली बस जाते. काळ्या-पिवळ्या फियाट टॅक्सीच्या टपावर आबाजींची ट्रंक बांधली जाते. पुढे एक हातगाडी आडवी येते आणि टॅक्सीवाला व हातगाडीवाला यांची बाचाबाची होते. एक डबेवाला डोक्यावर लांबट पाटी घेऊन त्यातून वाट काढतो. कॅमेरा धरणारा शेजारचा तरुण नुकताच दुबईहून आला होता. त्याला हे काहीच नवीन नव्हते, म्हणून तो ट्रंकेकडेच पाहत राहिला. बस, टॅक्सी, डबेवाला हे सर्व कडेने येतात आणि जातात.

आता त्यांपैकी काय उरले आहे? मुंबईची ट्राम तर ३१ मार्च १९६४ रोजीच बंद झाली होती. ती या फितीतल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यातच भेटते. १९३७ साली सुरू झालेल्या दुमजली बसगाड्यांपैकी डिझेलवर चालणारी शेवटची लाल बस १५ सप्टेंबर २०२३ रोजी धावली. विजेवरच्या वातानुकूलित दुमजली बसगाड्या आल्या आहेत, पण त्यांच्या खिडकीतून हात बाहेर काढता येत नाही. प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांची मुदत भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. एका शरद ऋतूत मुंबईने आपले दोन ओळखीचे रंग पुसले. त्या दिवसांत अनेकांनी शेवटच्या बसला हार घातले आणि मोबाइलवर चित्रण केले. मात्र रोजच्या मंगळवारी, रोजच्या गर्दीत ती बस कशी दिसे, हे पाहायचे तर जुन्या फितींकडेच जावे लागेल.

चाळ

बीडीडी चाळी म्हणजे मुंबई विकास विभागाने १९२० च्या दशकात बांधलेल्या चाळी. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून २०७ इमारती. प्रत्येक इमारत तळमजला अधिक तीन मजल्यांची, प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे एका इमारतीत ऐंशी बिऱ्हाडे. खोली १६० चौरस फुटांची. मधोमध लांब बोळकांडी, दोन्ही बाजूंना दारे आणि शौचालये सामायिक. आत्याच्या खोलीत त्या वेळी सासू-सासरे, दोन भाऊ, त्यांच्या बायका आणि दोन मुले असे आठजण राहत होते. आता नववे आले होते. आत्याचे यजमान टपाल खात्यात. आबाजींचा प्रश्न उगाच नव्हता.

बोळकांडी मध्ये असल्यामुळे तिथे दिवसाही उजेड कमी. त्या काळच्या कॅमेऱ्याला भरपूर प्रकाश लागे. त्यामुळे फितीत माणसे दारासमोर आली की उजळतात, दोन दारांच्या मध्ये काळी होतात, पुन्हा पुढच्या दाराशी उजळतात. आबाजींचे अकरा सेकंद मिळाले ते एका दारातून आलेल्या उजेडामुळे. ते दार बंद असते तर आवाज राहिला असता, चेहरा राहिला नसता.

सगळी दारे उघडी आहेत हे पाहून मला नवल वाटले. मुले कोणत्याही घरात शिरतात आणि हातात काही तरी खायला घेऊन बाहेर येतात. एक आजी दुसऱ्याच्या दारात बसून तांदूळ निवडते आहे. आतेभाऊ, तेव्हा चार वर्षांचा, शेजारच्यांच्या खाटेवर झोपलेला दिसतो. तो म्हणतो की आता त्याच्या इमारतीत समोरच्या माणसाचे आडनाव पाटीवर वाचूनच कळते. या चाळींचा पुनर्विकास सुरू झाला असून वरळीतील पहिल्या काही रहिवाशांना ऑगस्ट २०२५ मध्ये पाचशे चौरस फुटांच्या नव्या घरांचा ताबाही मिळाला. घर तिप्पट झाले याचा आनंद कोणाला होणार नाही? आतेभावालाही तो आहे. तरी तो ही कॅसेट दुरुस्त करून घेण्यासाठी तीन दुकाने हिंडला. मनुष्याला नवे घरही हवे असते आणि जुने दारही उघडे हवे असते.

फितीत जे नाही

येथवर लिहून मी थांबले असते तर हा लेख केवळ हुरहुरीचा झाला असता. पण त्या रात्री आत्या जे बोलली ते सांगितल्यावाचून अभ्यास पुरा होणार नाही.

आम्ही भावंडे "किती छान होते!" असे म्हणत होतो. आत्या म्हणाली, "तुम्हा लेकरांना गोड वाटते. मला हे पाहिले की रॉकेलचा वास येतो." मग मी फीत पुन्हा पाहिली आणि आत्या किती वेळ दिसते हे मोजले. बेचाळीस मिनिटांत जेमतेम दोन मिनिटे. बारसे तिच्या जावेच्या मुलीचे होते. साठ माणसांचा स्वयंपाक दोन स्टोव्हांवर आत्या आणि तिची सासू करीत होत्या. कॅमेरा दोनदा तिच्याकडे वळतो आणि दोन्ही वेळा ती पदराने चेहरा झाकते. मात्र स्टोव्हचा आवाज पंचवीस मिनिटे सतत ऐकू येतो. मी आधी त्याला फितीतला बिघाड समजले होते. तो आत्याचा आवाज होता, असेच आता म्हणावे लागेल.

पहाटे चारला उठून पाण्याची पिंपे भरणे या फितीत नाही. शौचालयापुढची रांग नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला गिरणी कामगारांचा संप, ज्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि जो कधी रीतसर संपलाच नाही, त्याचा उल्लेखही नाही. बारशाला जेवायला बसलेल्या पंक्तीत चारजण संपात काम गेलेले होते, हे आत्याने बोट ठेवून दाखवले. एकजण भाजीची गाडी लावी, एकजण रात्री पहारा करी. पाहणाऱ्याला ते हसतमुख पाहुणे वाटतात. पुढच्या दोन वर्षांत, १९९२ च्या डिसेंबरात व १९९३ च्या जानेवारीत, या शहरात जी दंगल झाली तिचीही चाहूल यात नाही. कॅमेरा आनंदाच्या दिवशी बाहेर निघतो आणि दुःखाच्या दिवशी कपाटात राहतो, म्हणून अशा फितींवरून काढलेला इतिहास नेहमीच थोडा अधिक सुखी निघतो.

आणखी एक गोष्ट फितीत नाही. बारसे आटोपल्यावर आत्याच्या यजमानांनी आबाजींना सुचवले होते की मुलाला इथेच ठेवा, इथल्या शाळेत शिकू द्या. आबाजी नाही म्हणाले. कारण त्यांच्या त्या अकरा सेकंदांच्या प्रश्नात आहे : दहावा माणूस झोपेल कुठे? बाबा घुग्घुसला परत आले, दहावीपर्यंत शिकले आणि कोळशाच्या वाहतुकीच्या ट्रकवर लागले. हे बाबांनी आम्हांला आजवर सांगितले नव्हते. "मागे घे" म्हटल्यानंतर सांगितले. आम्ही ते दृश्य सहा वेळा मागे घेतले. बाबा मुंबईसाठी हळहळत होते की आबाजींसाठी, हे मी विचारले नाही. तिथे शिकले असते तर कदाचित आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारे पहिले माणूस ते असते, मी नसते.

फीत किती दिवस टिकते?

व्हीएचएसची फीत अर्धा इंच रुंद असते. प्लॅस्टिकच्या पट्टीवर चुंबकीय कणांचा थर चिकटवलेला असतो. दमट हवेत तिला बुरशी येते, चिकटवणारे द्रव्य सैल होते आणि प्रत्येक वेळी चालवताना ती थोडी झिजते. आतेभावाच्या कॅसेटमध्ये चित्राच्या तळाशी सतत एक थरथरती पट्टी आहे ती यामुळेच. ती चालवणारी यंत्रेही संपत आली. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. कॅसेट नव्या पद्धतीत उतरवायची तर ती पूर्ण चालवावी लागते, तीन तासांच्या फितीला तीन तास. ज्या घरांत दहा कॅसेट आहेत तिथे हे काम "पुढच्या सुट्टीत" या शब्दांवर अडून राहते.

संस्थांची गोष्टही सोपी नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, तोपर्यंत आपल्या मूकपटांपैकी बहुतेक नष्ट झाले होते. २००३ साली पुण्यातील आगीत जुन्या नायट्रेट फिल्म जळाल्या. मोठमोठ्या चित्रपटांची ही अवस्था, तर एका बारशाच्या कॅसेटची काळजी कोण घेणार? ती घरच्यांनीच घ्यायची.

आणि घुग्घुस?

येथे मी आपल्या गावाकडे वळते. आपल्याकडे मुंबईसारखे कोणी व्हिडिओ कॅमेरे आणले नाहीत. घुग्घुसच्या साप्ताहिक बाजाराचे, खाणीच्या पाळीला सायकलीवरून जाणाऱ्या माणसांचे, वर्धेच्या काठावर कपडे धुणाऱ्या बायांचे १९९१ सालचे चित्रण माझ्या पाहण्यात नाही. लग्नांच्या काही कॅसेट आहेत. त्यांत मंडप दिसतो, गाव दिसत नाही. ज्या शहराकडे कॅमेरा होता त्याचे स्मरणरंजन होते. ज्या गावाकडे नव्हता त्याचे नुसतेच विस्मरण होते.

आता म्हणाल की आज प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. खरे आहे. पण एक उदाहरण देते. २६ ऑगस्ट २०२२ रोजी आपल्या अमराई वॉर्डात एक घर पाहता पाहता जमिनीत गेले. खाली जुनी भूमिगत खाण होती. घरातली माणसे वेळेवर बाहेर पडली म्हणून वाचली. आसपासच्या कुटुंबांना आपली घरे सोडावी लागली. त्या दिवशी शेकडो मोबाइल बाहेर निघाले. खड्ड्याचे चित्रण आजही कोणाच्याही फोनवर सापडेल. मी वॉर्डातल्या ओळखीच्या घरांत विचारून पाहिले : त्या घराचे, ते घर असतानाचे, कोणाकडे काही आहे का? अंगणाचे, ओट्याचे, दाराशी बांधलेल्या दोरीवरच्या कपड्यांचे? मला एकही मिळाले नाही. खड्डा आपण जपून ठेवला आणि घर जपले नाही.

आपले गाव कोळशावर उभे आहे, आणि कोळसा काढला की खाली पोकळी राहते. खुली खाण पुढे सरकते तशी शेते जातात, रस्ते वळतात, वस्त्या उठतात. ग्रामपंचायतीची आता नगरपरिषद झाली आहे. मुंबईला जे बदलायला शंभर वर्षे लागली ते आपल्याकडे एका पाळीत बदलू शकते. म्हणून स्मरणरंजनाची सामग्री आधीच गोळा करून ठेवण्याची गरज आपल्याला मुंबईकरांपेक्षा अधिक आहे.

समारोप

या अभ्यासातून माझ्या हाती पुढील निष्कर्ष आले. पहिला, घरगुती चित्रफितीचे खरे मोल तिच्या मुख्य विषयात नसून कडेला आलेल्या गोष्टींत असते. दुसरा, फितीवर विश्वास ठेवण्यापूर्वी तिची तारीख, तिचा कॅमेरा धरणारा आणि तिच्यातून वगळलेली माणसे तपासली पाहिजेत. तिसरा, जुन्या दिवसांची गोडी बहुधा त्यांना लागते ज्यांना त्या दिवसांत पाणी भरावे लागले नव्हते. तरीही ती गोडी खोटी ठरत नाही, फक्त अपुरी ठरते.

शेवटी माझ्या मित्रमैत्रिणींना आणि गुरुजनांना एक विनंती. आपल्यापैकी प्रत्येकाने घरच्या एका साध्या दिवसाचे दहा मिनिटांचे चित्रण करावे. सण नको, वाढदिवस नको. चूल किंवा गॅस, ओटा, दारासमोरचा रस्ता, पाळीवरून आलेला माणूस हातपाय धुताना, एवढे पुरे. स्वयंपाक करणारीला तिच्या कामासह दाखवावे आणि तिला बोलू द्यावे. सोबत कागदावर तारीख, ठिकाण आणि दिसणाऱ्यांची नावे लिहावीत, कारण पन्नास वर्षांनी चेहरे ओळखणारे कोणी नसेल. दोन प्रती दोन निरनिराळ्या घरांत ठेवाव्यात. इतिहास विभागाने असा छोटासा संग्रह सुरू केला तर ग्रंथालयातले एक कपाट त्याला पुरेल.

मी सुरुवात केली आहे. परवा सकाळी बाबा कामावर निघाले तेव्हा मी मोबाइल सुरू केला. ते ओट्यावर बसून बुटांचे बंद बांधत होते, आई डब्याला फडके गुंडाळत होती. बाबांनी वर पाहिले आणि म्हणाले, "हे काय काढतेस? यात काय आहे?" मी काही उत्तर दिले नाही. त्यांचा आवाज नीट आला आहे ना, एवढे फक्त नंतर पाहून घेतले.